घरमालकाचे कर्तव्य आणि इमारतीचे आयुष्य : मुंबईतील भाड्याच्या इमारतींच्या इतिहासातील एक प्रश्न

१

भाड्याची एखादी इमारत कोसळली म्हणजे पहिला प्रश्न विचारला जातो तो दोष कोणाचा, हा. न्यायालयाला ह्या प्रश्नाचे उत्तर त्या एका इमारतीपुरते शोधावे लागते. इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र त्याच्या आधीचे दोन प्रश्न उभे राहतात. भाड्याने दिलेले घर सुस्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य होय, ही कल्पना कायद्यात केव्हा आली? आणि ते कर्तव्य पार पाडण्यास लागणारा पैसा त्या वेळी कोणाच्या हाती होता? प्रस्तुत लेखात मुंबई शहरातील जुन्या भाड्याच्या इमारतींच्या संदर्भात ह्या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

मुंबईतील भाडेनियंत्रणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ती चर्चा बहुधा भाडे गोठविणे न्याय्य की अन्याय्य ह्या वादाभोवती फिरते. एका पक्षाला घरमालक शोषक दिसतो, दुसऱ्याला तो कायद्याने नाडलेला दिसतो. ह्या वादात इमारत स्वतः, म्हणजे तिचे खांब, तुळया, जिना आणि गच्ची, दृष्टीआड होते. आमच्या मते ह्या इतिहासातील निर्णायक गोष्ट अशी की, दुरुस्तीचे कर्तव्य घरमालकावर स्पष्ट शब्दांत लादणारा कायदा आणि त्या दुरुस्तीस पैसा पुरविणारे भाडे गोठविणारा कायदा हा एकच होता. कर्तव्य आणि उत्पन्न ह्यांची अशी फारकत झाल्यावर हयगय कोणाची हे ठरविणे उत्तरोत्तर कठीण होत गेले. हे विधान कितपत टिकते ते पुढील विवेचनावरून पाहता येईल.

२

आरंभ इंग्लंडमधील कायद्यापासून करणे भाग आहे, कारण मुंबईच्या न्यायालयांनी ज्या तत्त्वांचा आधार घेतला ती तेथूनच आली. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी सामान्य कायदा घरमालकाकडे जमीन विकणाऱ्याच्या दृष्टीने पाहत असे. घर घेणाऱ्याने ते डोळसपणे पाहून घ्यावे. पुढे त्यात काही उणे निघाले तर मालकाकडे दाद मागू नये. १८६३ सालच्या रॉबिन्स विरुद्ध जोन्स ह्या खटल्यात न्यायालयाने असे मत व्यक्त केले की, फसवणुकीचा प्रश्न सोडल्यास मोडकळीस आलेले घर भाड्याने देण्यास कायद्याची बंदी नाही. ह्या तत्त्वाचे कठोर टोक १९०६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सपुढील कॅव्हेलियर विरुद्ध पोप ह्या खटल्यात दिसले. घरमालकाने स्वयंपाकघराची जमीन दुरुस्त करून देण्याचे कबूल केले होते; त्याने ती केली नाही, आणि भाडेकरूच्या पत्नीचा पाय कुजलेल्या फळ्यांतून खाली गेला. तरीही तिला भरपाई मिळाली नाही. करार तिच्या पतीशी झालेला होता, तिच्याशी नव्हे, हे त्याचे कारण.

ह्याच कायद्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसावर इमारतीचा भाग पडला, तर न्यायालये बरीच कडक भूमिका घेत. १९४० सालच्या रिंज विरुद्ध कोहेन ह्या खटल्यात घर साप्ताहिक भाड्याने दिलेले होते आणि त्याची भिंत शेजारच्या दुकानावर कोसळली होती. दुरुस्तीची जबाबदारी मालकाकडे असल्यामुळे, भिंत कमकुवत झाल्याचे त्यास ठाऊक होते की नव्हते हा प्रश्न न्यायालयाने गौण मानला. म्हणजे घराबाहेरून जाणाऱ्यास जे संरक्षण होते ते घरात राहणाऱ्यास नव्हते. ही विसंगती इंग्लंडमध्ये कायदेमंडळाने टप्प्याटप्प्याने दूर केली. कमी भाड्याची घरे राहण्यायोग्य असलीच पाहिजेत अशी गर्भित अट १८८५ च्या श्रमिकगृहविषयक कायद्याने घातली. आणि १९७२ च्या सदोष वास्तूविषयक कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी असलेल्या घरमालकाचे कर्तव्य, इमारतीतील दोषांमुळे ज्यांना इजा होण्याचा संभव आहे अशा सर्वांपर्यंत वाढविले.

हिंदुस्थानात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम झाला. तो मुंबई इलाख्यास १ जानेवारी १८९३ पासून लागू करण्यात आला. त्याच्या १०८ व्या कलमात पट्टा देणारा आणि पट्टा घेणारा ह्यांचे हक्क व कर्तव्ये दिलेली आहेत. हे कलम नीट वाचणाऱ्यास एक गोष्ट चटकन जाणवते. मालकाने इमारत दुरुस्त ठेवलीच पाहिजे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. जो दोष मालकाला माहीत आहे, भाडेकरूला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही भाडेकरूच्या लक्षात येणार नाही, तो उघड करून सांगणे एवढेच मालकाचे बंधन आहे. जी दुरुस्ती करण्यास मालक बांधलेला असेल ती त्याने सूचना मिळूनही वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, अशी सोय आहे. परंतु मालक बांधलेला केव्हा असतो ते करारावर सोडलेले आहे. उलट जागा मिळाली तेव्हा जशी होती तशी राखण्याचे कर्तव्य, वाजवी झीज वगळून, भाडेकरूवरच टाकलेले आहे. गिरणगावातील चाळीत महिन्याच्या बोलीवर खोली घेणाऱ्या कामगाराशी लेखी करार होण्याचा प्रश्न बहुधा नसेच. तेव्हा ह्या कलमातील दुरुस्तीचा अधिकार त्याच्या दृष्टीने नावापुरता होता.

३

ह्याचा अर्थ त्या काळी पडक्या इमारतींवर कोणाचाच अंमल नव्हता असा नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याच्या ३५४ व्या कलमाने आयुक्तास असा अधिकार दिला की, एखादी वास्तू मोडकळीस आलेली, पडण्याच्या बेतात असलेली अथवा धोकादायक दिसल्यास ती पाडावी, तिला आधार द्यावा किंवा ती दुरुस्त करावी, अशी लेखी नोटीस त्याने मालकास वा भोगवटादारास द्यावी. येथे कर्तव्य निर्माण होते ते नगरशासनाच्या आज्ञेतून. भाडेकरू आणि मालक ह्यांच्या परस्परसंबंधातून ते निर्माण होत नाही. नोटीस निघेपर्यंत मालकाने दुरुस्ती केली नाही म्हणून त्यास जाब विचारण्याची वाट फारच अरुंद होती.

१८९६ साली शहरात प्लेग आला आणि दाटीवाटीच्या, वारा-उजेड नसलेल्या भाड्याच्या घरांकडे सरकारचे लक्ष वेधले गेले. १८९८ साली सिटी ऑफ बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने वस्त्या पाडल्या, रस्ते काढले आणि काही चाळीही बांधल्या. पुढे १९२० साली स्थापन झालेल्या विकास विभागाने, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या बीडीडीने, वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. ह्या दोन्ही प्रयत्नांचा रोख आरोग्य आणि घरांचा पुरवठा ह्यांकडे होता. खासगी मालकाच्या इमारतीची झीज कोणी, कोणत्या उत्पन्नातून भरून काढावयाची, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत आला नाही.

खासगी चाळ बांधणारा हा मुख्यतः पैसा गुंतविणारा होता. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात शहरात येणाऱ्या कामगारास खोली लागे. लाकडी सांगाड्याची तीन-चार मजली चाळ बांधून खोल्या भाड्याने लावल्या की दरमहा उत्पन्न सुरू होई. त्या गुंतवणुकीचा हिशेब सरळ होता. भाडे वाढविण्यास मोकळीक असे, आणि दुरुस्ती करावयाची की नाही हे मालक आपल्या फायद्यातोट्यावरून ठरवी. पुष्कळ मालक ती करीत नसत. तथापि ज्याला इमारत पुढच्या पिढीसाठी टिकवावयाची होती त्याला ती करणे परवडत होते, एवढे मान्य करावे लागेल.

४

पहिल्या महायुद्धाने हा हिशेब मोडला. शहराची लोकसंख्या वाढली, बांधकामाचे साहित्य दुर्मिळ झाले आणि भाडी भडकली. १९१८ साली मुंबईत युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा झाला. भारतातील भाडेनियंत्रणाचा आरंभ तेथे होतो. तो तात्पुरता मानलेला होता आणि १९२० च्या दशकातच संपुष्टात आला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास, १९३९ आणि १९४४ साली, पुन्हा निर्बंध आले. आणि १९४७ साली मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम संमत झाला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे मानण्यात आले. हाही कायदा मुदतीचाच होता. ती मुदत वेळोवेळी वाढत अर्धे शतक टिकली.

ह्या कायद्यातील भाडे गोठविण्याच्या तरतुदी सर्वपरिचित आहेत. त्यातील २३ व्या कलमाकडे मात्र इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. भाडेकरूने विरुद्ध करार केलेला नसल्यास प्रत्येक घरमालक जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्यास बांधलेला आहे, असे हे कलम सांगते. आणि इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी, ह्या शब्दांनी त्याची सुरुवात होते. १८८२ च्या कायद्याने जे करारावर सोडले होते ते येथे कायद्याचे कर्तव्य बनले. दुरुस्ती न केल्यास भाडेकरूंनी एकत्र वा स्वतंत्रपणे नोटीस द्यावी, आणि तरीही ती न झाल्यास स्वतः करून खर्च भाड्यातून कापून घ्यावा. ह्या कपातीस मर्यादा होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमातील १४ वे कलम ह्याच तरतुदीचे वारसदार होय, आणि तेथे ती मर्यादा त्या वर्षीच्या भाड्याच्या एक-चतुर्थांश आहे.

ह्या मर्यादेचा व्यवहारातील अर्थ एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका चाळीत चाळीस खोल्या आहेत आणि १९४० साली प्रत्येकीचे भाडे पाच रुपये होते. चाळीचे मासिक उत्पन्न दोनशे रुपये आणि वार्षिक उत्पन्न २,४०० रुपये झाले. सर्व भाडेकरू एक झाले आणि प्रत्येकाने पूर्ण एक-चतुर्थांश कापून घेतला, तरी वर्षाला दुरुस्तीसाठी सहाशे रुपये हाती येतील. १९४८ साली सहाशे रुपयांत जिन्याच्या पायऱ्या व गच्चीची गळती कदाचित भागली असती. १९७० साली तेवढ्यात एक कुजलेली तुळई बदलणेही अवघड होते. १९९९ च्या कायद्याने प्रमाण भाड्यात पाच टक्के आणि पुढे दरसाल चार टक्के वाढीस परवानगी दिली. ती चक्रवाढीने धरली तरी पंचवीस वर्षांनंतर आपल्या कल्पित चाळीचे वार्षिक उत्पन्न सुमारे ६,७०० रुपये होते. ह्यातून इमारतीचे खांब बदलता येतील असे कोणी म्हणणार नाही.

कर्तव्य आणि उत्पन्न ह्यांची फारकत म्हणतात ती हीच. १९४७ च्या कायद्याने भाडेकरूस डोक्यावरचे छप्पर दिले आणि ते छप्पर शाबूत ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकली त्याचे साधन काढून घेतले. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूचे संरक्षण अत्यावश्यक होते, ह्याविषयी शंका नाही. फाळणीनंतर शहरात आलेले निर्वासित, गिरण्यांतील कामगार, गिरगाव-दादरमधील कारकून ह्यांना भाडेवाढीच्या भरवशावर सोडणे कोणत्याही सरकारास शक्य नव्हते. परंतु तात्पुरत्या उपायास कायमचे रूप मिळाले, आणि इमारतीचे वय कायद्याच्या मुदतीप्रमाणे थांबून राहत नाही ह्याचा विसर पडला.

ह्या गोष्टीची दखल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मलपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य ह्या खटल्यात घेतली. भाडे १९४० च्या पातळीवर अडकवून ठेवणाऱ्या तरतुदी आरंभी वाजवी असल्या तरी काळाच्या ओघात त्या मनमानी स्वरूपाच्या झाल्या आहेत, असे न्यायालयाचे मत पडले. कायद्याची चालू मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपणार असल्याने त्या तरतुदी प्रत्यक्ष रद्द करण्यात आल्या नाहीत. १९९९ चा नवा कायदा ह्या निर्णयाच्या पार्श्वभूमीवर आला आणि ३१ मार्च २००० पासून अंमलात आला.

५

१९६० च्या दशकात इमारती पडू लागल्या तेव्हा शासनाने तिसरा मार्ग स्वीकारला. १९६८ साली नेमलेल्या बेडेकर समितीच्या विचारविनिमयानंतर १९६९ साली मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. बेट शहरातील जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवावयाचा, त्यात शासनाने आपला वाटा घालावयाचा आणि त्या निधीतून मंडळाने संरचनात्मक दुरुस्ती करावयाची, अशी ही योजना होती. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ भरली. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या, असे त्यांचे तीन वर्ग करण्यात आले. हे मंडळ पुढे १९७६ च्या म्हाडा कायद्यात सामावले गेले.

ह्या योजनेचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. हजारो इमारतींना तिने आयुष्य वाढवून दिले. लोखंडी गर्डर, टेकू आणि नव्याने ओतलेले खांब आजही गिरगाव, लालबाग वा डोंगरीच्या जुन्या इमारतींत तिची साक्ष देतात. परंतु उत्तरदायित्वाच्या दृष्टीने तिने आणखी एक गुंतागुंत निर्माण केली. भाडे कायद्याप्रमाणे दुरुस्तीचे कर्तव्य मालकाचे. उपकर घेतल्यामुळे संरचनात्मक दुरुस्तीचे काम मंडळाचे. धोकादायक वास्तूबद्दल नोटीस देण्याचा अधिकार महापालिकेचा. आणि प्रत्यक्ष ताबा भाडेकरूचा. चार पक्ष झाले आणि प्रत्येकास दुसऱ्याकडे बोट दाखविण्यास कायद्याचा आधार मिळाला. मालक म्हणू लागला की उपकर भरल्यावर आपले काम संपले. मंडळ म्हणू लागले की ठरलेल्या मर्यादेपलीकडे खर्च जात असेल तर इमारत दुरुस्तीपलीकडची समजावी लागेल. भाडेकरू म्हणू लागला की संक्रमण शिबिरात गेल्यावर परत येण्याची खात्री काय? त्याची ही भीती निराधार नव्हती. शिबिरात वर्षानुवर्षे राहिलेली कुटुंबे त्याच्या पाहण्यात होती.

१९८६ साली म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. सत्तर टक्के भोगवटादारांनी सहकारी संस्थेमार्फत मागणी केल्यास इमारत संपादन करून संस्थेकडे सोपविता येईल, आणि मालकास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी, असे त्यात ठरले. आपल्या कल्पित चाळीच्या मालकाला ह्या हिशेबाने वीस हजार रुपये मिळतील. मालकांच्या संघटनेने ह्यास आव्हान दिले. त्यातून निघालेला घटनात्मक प्रश्न अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापुढे गेला. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने असे ठरले की, प्रत्येक खासगी मालमत्ता ही घटनेच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदातील समाजाची भौतिक साधनसंपत्ती होत नाही. मुंबईच्या जिन्यातील एका पायरीचा वाद देशाच्या संपत्तिविषयक तत्त्वज्ञानापर्यंत कसा पोहोचतो, ह्याचे हे उदाहरण अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

६

भाडे गोठले म्हणून जागेतील पैसा नाहीसा झाला नव्हता. त्याने पागडीचे रूप घेतले. जाणारा भाडेकरू येणाऱ्याकडून मोठी रक्कम घेई आणि तिचा वाटा मालकास देऊन नव्या नावाची पावती मिळवी. १९४७ च्या कायद्याने असा अधिमूल्याचा व्यवहार गुन्हा ठरविला होता. १९९९ च्या कायद्याने तो मान्य केला. मालकाचे खरे उत्पन्न मासिक भाड्यातून नाहीसे होऊन पावती बदलण्याच्या प्रसंगाशी जोडले गेले, हा त्याचा परिणाम. भाडे हे इमारतीच्या वापराचे मोल असते आणि ते दरमहा येते. दुरुस्तीही तशीच सतत लागते. पागडी वीस-पंचवीस वर्षांतून एकदा येते, आणि तीही जागेच्या ठिकाणाचे मोल म्हणून. इमारतीच्या प्रकृतीशी तिचा संबंध नाममात्र राहिला.

त्याहून गंभीर प्रश्न इमारत पडल्यावर भाडेकरूच्या हक्काचे काय, हा होता. १८८२ च्या कायद्याप्रमाणे आग, वादळ, पूर अशा कारणांनी जागा नष्ट झाल्यास पट्टा रद्द करण्याचा पर्याय भाडेकरूस आहे. परंतु केरळमधील एका जळालेल्या दुकानासंबंधी वन्नाट्टनकंडी इब्राई ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे धरले होते की, भाडेनियंत्रण कायद्याखालील भाडेपट्टा इमारतीचा असल्याने ती संपूर्ण नष्ट झाली की तोही संपतो. हा निर्णय २००१ सालच्या निर्णयसंग्रहात आहे. त्यानंतर १३ वर्षांनी, २०१४ साली, सांगली येथील शहा रतनसी खिमजी ह्या खटल्यात मोठ्या पीठाने तो फिरविला. भाडेपट्ट्यात जमिनीचाही अंतर्भाव असतो, म्हणून महापालिकेने इमारत पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे ठरले.

ह्या दोन निर्णयांमधील वर्षांचा अर्थ स्पष्ट मांडला पाहिजे. भाडे गोठलेल्या जमिनीचे खरे मोल भाडेकरू हलल्याशिवाय मालकाच्या हाती येत नव्हते, आणि इमारत नष्ट झाल्यास भाडेकरूचा हक्कही जातो असा कायद्याचा अर्थ लावला जात होता. अशा स्थितीत दुरुस्ती करणाऱ्या मालकाचे नुकसान आणि न करणाऱ्याचा फायदा, असा हिशेब तयार होतो. सगळे मालक असा हिशेब करीत होते असे म्हणण्यास आमच्याजवळ पुरावा नाही, आणि तसे म्हणणे अन्यायाचेही होईल. परंतु कायद्याने हयगय फायदेशीर करून ठेवली होती, एवढे ह्या निर्णयांच्या वाचनावरून सिद्ध होते.

७

आता हयगयीच्या कायद्याकडे परत येऊ. भारतात ह्या विषयावरील प्रमुख पूर्वनिर्णय म्हणजे दिल्ली महापालिका विरुद्ध सुभागवंती हा १९६६ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय. चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मरण पावली होती. वास्तू सुमारे ८० वर्षांची, आणि वापरलेल्या चुन्याच्या प्रतीवरून वरच्या मजल्याचे आयुष्य ४० ते ४५ वर्षांचेच, असा पुरावा आला. आपणास दोष दिसून आला नव्हता, हा महापालिकेचा बचाव न्यायालयाने मानला नाही. रस्त्यालगतच्या वास्तूचा मालक उघड दोषांइतकाच छुप्या दोषांबद्दलही जबाबदार आहे. वास्तू कोसळली ही घटनाच हयगयीची साक्ष देते. आणि वेळोवेळी तपासणी करणे हे मालकाचे कर्तव्य होय, असे ठरले.

हा निर्णय मुंबईच्या चाळीस लावून पाहिला म्हणजे त्याचे महत्त्व आणि मर्यादा दोन्ही दिसतात. इमारतीच्या द्रव्याला आयुष्य असते आणि ते ओळखून तपासणी केली पाहिजे, हे त्यातील तत्त्व सर्वत्र लागू पडणारे आहे. परंतु तेथे मालक, ताबेदार आणि देखभाल करणारा एकच होता. मुंबईत ह्या तिन्ही भूमिका वेगळ्या झालेल्या होत्या.

अलीकडच्या तीन घटना ह्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळून ६१ माणसे दगावली. ही इमारत महापालिकेची, राहणारी कुटुंबे तिच्याच कर्मचाऱ्यांची. म्हणजे नोटीस देणारी संस्था आणि मालक एकच होते. तळमजल्यावरील भाड्याच्या गोदामात झालेले फेरफार हा तेथील तपासाचा एक मुख्य विषय झाला. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत पडून ३३ जण मरण पावले. ही इमारत धोकादायक म्हणून आधीच नोंदली गेली होती आणि पुनर्विकासाच्या योजनेतही होती. तरी तीत माणसे राहत होती. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीतील केसरबाई इमारतीचा भाग कोसळला तेव्हा पडलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा की तिला जोडून झालेल्या अनधिकृत बांधकामाचा, ह्यावरच प्रथम वाद झाला. ढिगारा उपसणे चालू असता तो कोणाच्या यादीतला, हा प्रश्न चर्चिला जात होता.

पहिल्या घटनेत गोठलेल्या भाड्याचे कारण पुरेसे पडत नाही, हे मोकळेपणाने मान्य करावयास हवे. तेथे मालक निर्धन नव्हता आणि इमारतही फार जुनी नव्हती. म्हणजे उत्पन्नाचा अभाव हे हयगयीचे एक कारण आहे, एकमेव नाही. तपासणी करणारा आणि ज्याची तपासणी व्हावयाची तो, हे एकच असल्यास पैसा असूनही कर्तव्य सुटते. आमच्या मूळ विधानास ही महत्त्वाची मर्यादा आहे.

फौजदारी कायद्याचे साह्यही मर्यादित ठरले. हयगयीने मृत्यू घडविल्याबद्दल दंड संहितेच्या ३०४-अ कलमाखाली कमाल शिक्षा दोन वर्षांची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सामान्यतः ती पाच वर्षांपर्यंत वाढली आहे. परंतु जेथे कर्तव्य चौघांत विभागलेले असते तेथे एका माणसाची हयगय सिद्ध करणे हेच मुळात कठीण असते.

८

ह्या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. एक, घरमालकाचे दुरुस्तीचे कर्तव्य हे फार जुने, नैसर्गिक तत्त्व होते आणि ते आधुनिक काळात ढासळले, ही सर्वसाधारण समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. भाडेकरूच्या बाबतीत ते कर्तव्य स्पष्ट रूपाने विसाव्या शतकाच्या मध्यास कायद्याने निर्माण केले, आणि निर्माण करतानाच त्याचा आधार काढून घेतला. दोन, पुढील प्रत्येक सुधारणेने मूळ उणीव भरून काढण्याऐवजी एक नवा जबाबदार पक्ष जोडला. परिणामी कायद्याच्या पुस्तकात कर्तव्ये वाढत गेली आणि इमारतीत त्यांचा मागमूस कमी होत गेला.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे संशोधनाचे विस्तृत क्षेत्र आहे. महापालिकेच्या ३५४ व्या कलमाखालील नोटिसा, लघुवाद न्यायालयातील दुरुस्तीविषयक अर्ज, घरमालकांच्या भाडेपावत्या व जमाखर्चाच्या वह्या, दुरुस्ती मंडळाचे वार्षिक अहवाल, ह्या साधनांचा मेळ घालून एखाद्या एकाच चाळीचे साठ-सत्तर वर्षांचे चरित्र लिहिता येईल. भाड्याची प्रत्येक पावती आणि दुरुस्तीचा प्रत्येक रुपया समोरासमोर मांडला, तर ही फारकत नेमकी कोणत्या वर्षी भरून न येण्याजोगी झाली ते कदाचित कळेल.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर शहरात अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते. तिच्यात इमारतीचे नाव व ठिकाण असते. ती त्या स्थितीस कशी आली ह्याचा इतिहास नसतो. तो लिहिणे हे अभ्यासकाचे काम आहे, आणि त्या इमारतींत आजही माणसे राहत असल्याने ते लांबणीवर टाकण्यासारखे नाही.